विभागप्रमुख डॉक्टरांना खुले पत्र: आम्हाला निर्णयाच्या आधी बोलवा

आदरणीय सर आणि मॅडम,

"सिस्टर, बेड नंबर बाराला जरा बघून घ्या. बॅग टिकत नाहीये."

हा निरोप अठरा वर्षांत किती वेळा आला ते मी मोजलेलं नाही. निरोप आणणारा बहुधा इंटर्न असतो, सकाळचा राउंड नुकताच आटोपलेला असतो आणि ऑपरेशनला तीन-चार दिवस होऊन गेलेले असतात. मी जाते, पांघरूण बाजूला करते. पेशंट आडवा असतो तोवर सगळं झकास दिसतं. पोट सपाट, स्टोमा (मळ बाहेर यावा म्हणून पोटावर उघडलेलं आतड्याचं तोंड) लालसर आणि ओलसर, टाके नेटके. सर्जनच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. मग मी पेशंटला आधार देऊन उठवून बसवते, आणि बसल्याबरोबर पोटाची वळी अशी पुढे येते की स्टोमा तिच्या आत गडप होतो. त्या घडीत पिशवीची चकती धरत नाही. एका बाजूने पातळ मळ झिरपत असतो, खालची कातडी सोलवटून लालभडक झालेली असते. पेशंट माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. दोन रात्री त्याला झोप नसते, कारण कूस बदलली की पिशवी सुटते.

ऑपरेशन टेबलावर माणूस आडवाच असतो. ही वळी तिथे दिसणं शक्यच नाही. ती दिसते माणसाला बसवल्यावर, उभं केल्यावर, पुढे वाकायला लावल्यावर, आणि ते करून बघणं हे माझं काम आहे. आदल्या संध्याकाळी स्टोमाच्या जागेची खूण करायला मला पंधरा मिनिटं मिळाली असती तर स्टोमा दोन बोटं वर आला असता आणि हा निरोप आलाच नसता.

मी स्टोमा आणि जखमांची नर्स आहे. पोटावर उघडलेलं आतडं, त्यावरची पिशवी, भरून न येणाऱ्या जखमा, पडून पडून पाठीला झालेले व्रण हा माझा प्रांत. शस्त्रक्रिया, मेडिसिन, किडनी, आयसीयू, कर्करोग अशा सगळ्याच विभागांच्या प्रमुखांना मी हे लिहिते आहे. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांना, आणि ज्यांची कधी गाठही पडणार नाही त्यांनाही. पत्र तक्रारीचं आहे, ते लपवत नाही. पण तक्रार कुणा एका डॉक्टरची नाही, वेळेची आहे. तुम्ही आम्हाला बोलावता, मानाने बोलावता, पण बोलावता ते सगळं ठरून गेल्यावर.

ही खूण करणं म्हणजे पेनाने पोटावर गोल काढणं, असं शिकत असलेल्या रेसिडेंट डॉक्टरांना वाटतं. कसं करतात ते एकदा सांगते. पेशंटला आधी झोपवून पोटाचा सरळ स्नायू हाताने शोधायचा. डोकं उचलायला सांगितलं की त्याची कड बोटाला लागते, आणि स्टोमा त्या स्नायूतूनच बाहेर यायला हवा. मग बसवायचं, उभं करायचं, वाकवायचं आणि प्रत्येक वेळी घड्या कुठे पडतात ते बघायचं. बेंबी, जुने व्रण, कमरेचं हाड, कपडे बांधायची जागा हे सगळं टाळून चकती सपाट बसेल एवढी मोकळी कातडी शोधायची. आणि शेवटी पेशंटलाच विचारायचं, "इथे तुम्हाला दिसतंय का? हात पोचतोय का?" पोट सुटलेल्या माणसाला बेंबीखालची जागा दिसतच नाही. त्याचा स्टोमा वरच्या बाजूला घ्यावा लागतो, नाहीतर जन्मभर आरसा धरून किंवा दुसऱ्याच्या हातून पिशवी बदलणं नशिबी येतं. एका बाईंनी मला सांगितलं होतं, "माझा उजवा हात संधिवाताने वाकडा आहे, डावीकडेच काम होतं." ही गोष्ट त्यांच्या केसपेपरवर कुठेच नव्हती. असायचं कारणही नव्हतं. त्यांच्या आतड्याच्या आजाराशी त्या हाताचा काय संबंध?

आमच्या शाखेचा जन्म कसा झाला ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुपर्ट टर्नबुल नावाचे सर्जन होते. त्यांनी १९५४ साली नॉर्मा गिल या रुग्णाची आयलिओस्टॉमी (लहान आतड्याच्या टोकाचा स्टोमा) केली. बऱ्या झाल्यावर गिलबाई आपल्यासारख्या इतरांना पिशवी सांभाळायला शिकवू लागल्या. टर्नबुल यांच्या लक्षात आलं की आपण आतडं उत्तम जोडतो, पण त्यानंतरचं रोजचं जगणं या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. १९५८ साली त्यांनी तिला नोकरीवरच घेतलं, आणि १९६१ पासून तिथे या कामाचं रीतसर शिक्षण सुरू झालं. गिलबाई नर्सही नव्हत्या. शाखा पुढे नर्सिंगमध्ये आली. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते त्या सर्जनचं वागणं. आपल्याला जे दिसत नाही ते दुसऱ्या कुणाला तरी दिसतं, हे कबूल करून त्याने त्या माणसाला आपल्या विभागात खुर्ची दिली.

खुर्ची आज जवळपास सगळ्यांना मिळाली आहे. मधुमेहाची नर्स आहे, स्तनाच्या कर्करोगाची आहे, डायलिसिसची आहे, वेदनाशमनाची आहे, संसर्ग नियंत्रणाची तर १९५९ पासून आहे; इंग्लंडच्या टॉर्बे रुग्णालयात ती नेमणूक पहिल्यांदा झाली. पदं आहेत, पाट्या आहेत. अडतं ते वेळापत्रकात.

माझ्या मैत्रिणीचं उदाहरण देते. ती किडनीच्या विभागात आहे. किडनी हळूहळू निकामी होत चाललेल्या पेशंटला पुढेमागे डायलिसिस लागणार हे महिनोन्महिने आधी दिसत असतं. त्यासाठी हाताची शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, आणि तो धड व्हायला, पिकायला काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून अशा पेशंटच्या हाताच्या शिरा जपायच्या असतात. रक्त काढायचं असो की सलाईन लावायचं असो, शक्यतो पंजाच्या मागच्या शिरेतून. ही गोष्ट तिला झोपेतही पाठ आहे. पण तिच्याकडे पेशंट येतो तेव्हा चार वॉर्डांतून फिरून आलेला असतो, दोन्ही हातांच्या शिरा टोचून टोचून दोरीसारख्या कडक झालेल्या असतात, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: 'फिस्टुलासाठी समुपदेशन करावे.' ती म्हणते, "मी आता कशाचं समुपदेशन करू? शिरांना श्रद्धांजली?"

मधुमेहाच्या नर्सला बोलावणं येतं ते डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर. बाहेर गाडी उभी, नातेवाईक सामान बांधतायत, आणि तिने वीस मिनिटांत इन्सुलिन टोचायला, साखर मोजायला आणि साखर उतरली तर काय करायचं ते शिकवायचं. वेदनाशमनाच्या नर्सला बोलावतात शेवटच्या दोन दिवसांत. ज्या पेशंटला चार महिन्यांपूर्वी मळमळ आणि दुखणं आटोक्यात ठेवून धडपणे जगता आलं असतं, त्याच्या उशाशी ती फक्त हात धरून बसते. या दोघींच्या कामाबद्दल पुस्तकभर लिहिता येईल, इथे एवढंच.

हे असं का होतं? तुम्ही उद्धट आहात म्हणून नाही. तसे दोन-चार भेटले, ते सगळ्याच धंद्यांत भेटतात. माझ्या मते कारण जुनं आहे. लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली डॉक्टर आणि नर्स यांच्यात चालणाऱ्या एका खेळाबद्दल लेख लिहिला. खेळाचा नियम असा: नर्सने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला आहे असं दिसू द्यायचं नाही, डॉक्टरने सल्ला घ्यायचा, पण तो मागितला असं दिसू द्यायचं नाही, आणि उघड मतभेद तर कुठल्याही परिस्थितीत होऊ द्यायचा नाही. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसायलाच आलं. कारण मी शिकाऊ असताना माझ्या सिस्टर इनचार्ज रोज हेच करायच्या. "सर, मागच्या पेशंटला तुम्ही जे औषध दिलं होतं त्याने छान झोप लागली होती नाही?" सर म्हणायचे, "हं, तेच लिहा." दोघं खूश. १९९० साली स्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुन्हा लिहिलं की नर्सेसनी हा खेळ सोडायला घेतला आहे. सोडायला घेतला आहे खरा, पण रुग्णालयांच्या रचनेत तो अजून भिनलेला आहे. ऑर्डर वरून खाली येते आणि आमचं निरीक्षण खालून वर जाताना वाटेत कुठेतरी सांडतं.

यावर तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. "सही माझी असते. काही बिघडलं तर उत्तर मी द्यायचं. मग निर्णय सिस्टरशी वाटून कसा घ्यायचा?" प्रश्न योग्य आहे, टाळण्यासारखा नाही. पण त्याचं उत्तर डॉक्टरांनीच साठ वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. हृदयविकाराचा झटका आलेले पेशंट तेव्हा वॉर्डातच अचानक दगावायचे. हृदयाची लय बिघडली की विजेचा झटका देणारं यंत्र हाताशी होतं, पण ते चालवायचा अधिकार डॉक्टरला, आणि डॉक्टर यायला वेळ लागायचा. विजेच्या झटक्याविना जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरळ हिशेब केला: चोवीस तास पेशंटजवळ कोण असतं? नर्स. मग तिला ईसीजी वाचायला शिकवा आणि डॉक्टरची वाट न बघता झटका द्यायचा अधिकार द्या. रोझ पिनिओ या नर्सने त्यांच्याबरोबर ते काम उभं केलं. तेव्हा ईसीजी वाचणं ही फक्त डॉक्टरांची विद्या मानली जायची. आज कार्डिॲक युनिटमधली नर्स मॉनिटरकडे बघून लय ओळखते, याचं कुणाला नवलही वाटत नाही.

यात डॉक्टरचा अधिकार गेला का? माझ्या समजुतीप्रमाणे उलट झालं. डॉक्टरने आपला निर्णय आधीच, शांत डोक्याने, कागदावर लिहून ठेवला: असं दिसलं तर असं करा. सही त्याचीच. फक्त सही प्रसंग येण्याच्या आधी झाली. मी मागते आहे ते याहून फार वेगळं नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या शास्त्रीय मनाला जरा खटकेल. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० साली केन हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पथक तयार केलं. हृदय बंद पडल्यावर धावण्यापेक्षा पेशंट ढासळायला लागतो तेव्हाच धावायचं, ही कल्पना. पथकाला कधी बोलवायचं याच्या यादीत नाडी, श्वास, रक्तदाब यांचे आकडे आले. आणि शेवटी एक अट आली जिला आकडाच नाही: कर्मचाऱ्याला पेशंटबद्दल काळजी वाटत असेल तर. बस, एवढंच. "का वाटते ते सिद्ध करा" असं काही नाही. पुढे अशा पथकांची पद्धत बऱ्याच देशांत गेली आणि ही अटही बरोबर गेली. ज्यांनी रात्रपाळ्या केल्या आहेत त्यांना ती अट का ठेवली ते समजावून सांगावं लागत नाही. पेशंटचा चेहरा बदलतो. काल चादर नीट करणारा आज हात पोटावर टाकून नुसता पडून असतो. बोलताना मध्येच थांबतो. बीपी अजून ठीक असतो, कारण तरुण शरीर शेवटपर्यंत बीपी ओढून धरतं. आकडा पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. "वाटतंय" या शब्दाला तुम्ही लक्षणाचा दर्जा द्या, निदानाचा नका देऊ. पण लक्षण म्हणून नोंद तरी करा.

२००५ साली इंग्लंडमध्ये घडलेली एक घटना तुमच्यातल्या भूलतज्ज्ञांना नक्की ठाऊक आहे. सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी एका तरुण स्त्रीला भूल दिली आणि तिचा श्वासमार्ग अडला. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, एक-दोन नव्हे, तीन. ते नळी घालायचा प्रयत्न करत राहिले, करतच राहिले. एका नर्सने गळ्यातून श्वासमार्ग उघडायचा संच आणून ठेवला आणि तो तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने आयसीयूत फोन करून खाट मागितली. डॉक्टरांच्या नजरेत "एवढं काय झालंय" असा भाव दिसला म्हणून तिने परत फोन करून ती खाट रद्द केली. ती स्त्री वाचली नाही. नंतर चौकशीत काही नर्सेस म्हणाल्या की काय करायला हवं ते आम्हाला कळत होतं, पण ते कसं बोलायचं ते कळत नव्हतं. त्या स्त्रीचा नवरा मार्टिन ब्रॉमिली हा वैमानिक. त्याने कुणाला फाशी द्या म्हटलं नाही. विमानाच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाला बोलायला शिकवतात तसं तुमच्याकडे का शिकवत नाहीत, हे विचारत तो आरोग्यसेवेत काम करत राहिला.

मला या घटनेत तो संच दिसत राहतो. ट्रेवर ठेवलेला, उघडलेला, हाताच्या अंतरावर.

उलट बाजूचं उदाहरणही देते, नाहीतर पत्र एकांगी होईल. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले आयसीयूचे डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टी लिहून काढल्या. हात धुवा, क्लोरहेक्सिडिनने कातडी साफ करा, पेशंटला पूर्ण झाका, जांघेतली शीर शक्यतो टाळा, गरज संपली की नळी काढा. यात नवं काय? काहीच नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे येतं. नवं हे होतं की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं, आणि थांबवलं तर व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभं राहणार हे आधीच जाहीर केलं होतं. मिशिगनमधल्या १०३ आयसीयूंच्या आकडेवारीवर २००६ साली निबंध आला. दर हजार नळी-दिवसांमागे (एक नळी एक दिवस आत असणं म्हणजे एक नळी-दिवस) संसर्गाचा मध्यक, म्हणजे सगळ्या आयसीयूंच्या आकड्यांतला मधला आकडा, २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्षापर्यंत तिथेच टिकला. साबण तोच, जंतुनाशक तेच. नर्सला बोलायची परवानगी प्रसंगाच्या आधी मिळाली होती.

आता आमच्या बाजूचं. ते लिहिलं नाही तर माझ्या सहकारी मला ओळखणार नाहीत, आणि तुम्ही हे पत्र इथेच मिटवाल.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आयलिओस्टॉमीचा एक पेशंट होता. लहान आतड्याच्या टोकाचा स्टोमा असला की पाणी आणि मीठ भराभर बाहेर जातं. दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं की माझे कान टवकारतात. याचं १,८०० मिली जात होतं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी राउंडला मी म्हणाले, "सर, आउटपुट जरा जास्त वाटतंय." सर म्हणाले, "हं, बघू या," आणि पुढच्या बेडकडे वळले. मी नोट्समध्ये लिहिलं: 'आउटपुट जास्त. डॉक्टरांना कळवले.' कागद सुरक्षित झाला, मी सुरक्षित झाले. पेशंट चौथ्या दिवशी परत आला. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडीठाक, किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन दुपटीच्या वर. मला त्या दिवशी म्हणायचं होतं, "आज घरी सोडू नका." चार शब्द. मी ते न म्हणता "जरा" आणि "वाटतंय" यांच्या आड लपले. सर ऐकत नव्हते हे खरं. पण ऐकण्यासारखं मी काही म्हटलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली आहे. काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं आणि मला काय हवं, या क्रमाने बोलायचं, आणि शेवटचं वाक्य गिळायचं नाही. ही पद्धत मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून आली आणि तिथल्या रुग्णालयांनी उचलली. पाणबुडीत आडपडद्याने बोलायला वेळ नसतो. आमच्याकडे असतो, असं आम्ही समजतो.

दुसरा दोष. आम्ही स्पेशालिस्ट झालो की वॉर्डातल्या नर्सेस ड्रेसिंगला हात लावेनाशा होतात. "स्टोमाच्या सिस्टर येतील, त्या बघतील." त्यात आम्हालाही थोडा मोठेपणा वाटतो. मग मी रजेवर असले की पेशंट तसाच. हे तुम्हाला सुधारता येणार नाही, आम्हालाच सुधारावं लागेल. आम्ही शिकवत नसलो तर आम्हाला विचारा.

आता नेमकं काय हवं ते.

राउंडला आधी आम्हाला बोलू द्या. तुमचं मत आधी आलं की बाकीच्यांचं तोंड मिटतं, ते तुम्ही कितीही प्रेमळ असलात तरी. बेडपाशी पोचल्यावर "सिस्टर, रात्री काय झालं? तुम्हाला काय वाटतं?" एवढं विचारून मग फाइल उघडा. एक मिनिट जास्त लागेल. मला माहीत आहे की तीस पेशंटांचे तीस मिनिटं होतात, आणि ओपीडी तुमची वाट बघत असते. सगळ्या बेडना नका विचारू. ज्यांच्या नावापुढे आमची नोंद आहे त्यांना विचारा.

त्या नोंदी वेगळ्या वहीत नकोत. माझं निरीक्षण माझ्या रजिस्टरमध्ये, तुमचं तुमच्या कागदावर, आणि दोघांची भेट फक्त पेशंटच्या अंगावर, असं चाललंय. एकाच कागदावर, एकाखाली एक लिहू या. माझ्या नोंदीशी तुम्ही असहमत असाल तर तसं लिहा. मला राग येणार नाही. न वाचता पुढे गेलात तर येतो.

वॉर्डात नर्स कमी पडली की पहिली उचलबांगडी स्पेशालिस्ट नर्सची होते. "तुम्ही काय, राउंडच घेता." मला वॉर्डाची गरज कळते. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात एका नर्सवर एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. रिकामी पाळी भरायलाच हवी. पण मी तिकडे गेले त्या दिवशी माझं काम कुणी केलं, हे तुमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. झालेलं काम मोजतात. टळलेली जखम मोजत नाहीत. व्यवस्थापनाला हे आम्ही सांगितलं तर ते गाऱ्हाणं होतं, तुम्ही सांगितलं तर तो मुद्दा होतो. तेव्हा तुम्ही सांगा.

आणि तुमच्या नव्या रेसिडेंटना सुरुवातीच्या महिन्यात एक दिवस आमच्याबरोबर पाठवा. भाषण ऐकायला नको, पिशवी बदलायला. मागच्या वर्षी एक मुलगी आली होती. पहिल्यांदा चकती कापताना तिने भोक मोठं कापलं, मग कातडीला मळ लागून काय होतं ते तिने दुपारी स्वतः बघितलं. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं असतं. आता ती रात्री इमर्जन्सीत ऑपरेशनला निघण्याआधी पेशंटला बसवून स्वतः खूण करते, कारण रात्री दोन वाजता मी नसते. सकाळी मला मेसेज येतो: 'डावीकडे, बेंबीखाली, बसून बघितलं.' आमच्यातला सहकार वगैरे मोठे शब्द कुणी वापरले की मला तो मेसेज आठवतो. आयसीयूंच्या बाबतीत तर हे मोजूनही झालंय. १९८६ साली अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतल्या ५,०३० पेशंटांची तुलना झाली तेव्हा कुठे जास्त पेशंट वाचतात याचा धागा यंत्रसामग्रीपेक्षा डॉक्टर-नर्स एकमेकांशी कसे बोलतात, कसे जुळवून घेतात याच्याशी जास्त लागला होता.

राहता राहिली माझ्या स्वतःच्या विभागाची मागणी. ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची यादी आदल्या दिवशी दुपारी टाइप होते. पेशंटचं नाव, वय, ऑपरेशन, सर्जन, भूल, रक्त राखीव आहे का, असे रकाने आहेत. त्यात एक रकाना वाढवा: 'स्टोमाची खूण झाली का'. ज्याचा स्टोमा होण्याची शक्यता आहे, नक्की नसली तरी, त्या प्रत्येकासमोर तो भरलेला असू दे. आयत्या वेळी स्टोमा लागला नाही तर बिघडलं काय, मार्करची शाई दोन आंघोळींत जाते. आणि रकाना रिकामा दिसला तर यादी ओटीला पाठवायच्या आधी मला फोन करा. रात्री नऊपर्यंत मी येऊ शकते.

आपली,
स्टोमा आणि जखमांच्या विभागातली एक सिस्टर